देवघरचे मास्तर : सखाराम गणेश देऊस्कर

हावड्याहून पाटण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जसीडीह नावाचे स्थानक लागते. तेथून अवघ्या काही मैलांवर देवघर हे क्षेत्र आहे. आपण महाराष्ट्रीय मंडळी परळीच्या वैजनाथाला ज्योतिर्लिंगाचा मान देतो. पूर्वेकडील भाविक तोच मान देवघरच्या वैद्यनाथाला देतात. तो वाद आपण शास्त्रीपंडितांवर सोपवू. आजच्या झारखंड राज्यातील या गावी आपल्याला जायचे आहे ते एका शाळामास्तरांच्या शोधात. हे मास्तर मराठी होते, शिकवीत होते बंगाली मुलांना, आणि त्यांचा विषय होता इतिहास. त्यांचे नाव सखाराम गणेश देऊस्कर.

महाराष्ट्रात हे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. बंगालमध्ये मात्र स्वदेशी चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना तर हे चरित्र घरातलेच वाटावे असे आहे. म्हणूनच मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्याची उजळणी करण्याचे योजिले.

देऊस्करांचे घराणे मूळचे कोकणातील देऊस या गावचे. अठराव्या शतकात मराठी सत्तेचा विस्तार पूर्वेकडे झाला, त्या ओघात त्यांचे पूर्वज देवघरजवळील करौं या गावी येऊन स्थायिक झाले. तेथेच १७ डिसेंबर १८६९ रोजी सखारामपंतांचा जन्म झाला. वयाच्या पाचव्या वर्षी आईचे छत्र हरपले आणि मुलाचा सांभाळ आत्याने केला. ही आत्या विद्येची आवड असलेली आणि मराठी साहित्याशी चांगला परिचय असलेली होती. घराबाहेर सारा व्यवहार परभाषेत चाललेला. घरात मात्र आत्याच्या तोंडून मराठी ग्रंथ, मराठी कथा कानी पडत. घराण्याच्या रीतीप्रमाणे वेदाध्ययन झाले, त्याबरोबरच मुलाने बंगाली भाषाही आत्मसात केली, आणि ती इतकी की पुढे त्यांचे सारे महत्त्वाचे लेखन बंगालीतच झाले. घरी एक भाषा आणि दारी दुसरी, अशा घरात वाढलेल्या मुलांचे मन कसे घडते हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने वावरणाऱ्या अशा मुलाच्या वाट्याला कधीकधी एक अवघड प्रश्न येतो. आपण नेमके कोणाचे? सखारामपंतांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बोचरा होता, आणि त्याला कारण खुद्द इतिहास होता.

बंगालच्या लोकस्मृतीत मराठ्यांची प्रतिमा फारशी गौरवाची नव्हती. १७४२ पासून सुमारे १० वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. भास्करराम कोल्हटकर हे त्यांचे सेनानी. बंगालचा इतिहास त्यांना भास्कर पंडित म्हणून ओळखतो. १७४४ साली नवाब अलिवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून दगा दिला व ठार केले. तरीही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहात १२ लाखांची चौथ ठरली, तेव्हा कोठे त्या शमल्या. या काळात गावे लुटली गेली, पिके उद्ध्वस्त झाली, माणसे देशोधडीला लागली. कलकत्त्याच्या रक्षणासाठी खणलेला मराठा खंदक याच धास्तीतून निर्माण झाला. आपल्याकडील बारगीर या शब्दाचा तिकडे बर्गी झाला आणि त्या बर्गीची भीती घालून बंगाली माता मुलांना निजवू लागल्या. ज्या प्रांतात अंगाईगीतातून आपल्या पूर्वजांचे भय मुलांच्या मनात उतरते, त्याच प्रांतात शाळेच्या वर्गात उभे राहून इतिहास शिकवायचा, हे काम सोपे नव्हते. देऊस्करांनी ते अंगावर घेतले.

१८९१ साली ते देवघरच्या आर. मित्र हायस्कुलातून प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८९३ पासून त्याच शाळेत शिक्षक म्हणून लागले. त्या काळच्या इंग्रजी शाळांतील इतिहासाचा तास डोळ्यांपुढे आणावा. कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षेसाठी इंग्लंडचा व हिंदुस्थानचा इतिहास नेमलेला असे. राजांच्या वंशावळी, लढायांच्या सनावळ्या आणि कंपनी सरकारच्या गव्हर्नर-जनरलांची नावे पाठ झाली म्हणजे मुलाचे काम झाले आणि मास्तरांचेही. हे सारे करून घेण्यात देऊस्करांनी कसूर केली नाही. पण त्यांचे खरे अध्यापन शाळेची घंटा झाल्यानंतर सुरू होई. नेमलेल्या पुस्तकात ज्याला जागा नव्हती तो इतिहास ते वर्गाबाहेर जमणाऱ्या मुलांना सांगत. शिवाजी महाराजांनी स्वराज्य कसे उभारले, ते पुढे कसे टिकले आणि कसे गेले, आजच्या महाराष्ट्रात लोकमान्य टिळक काय करीत आहेत, आपला देश परतंत्र का झाला, हे त्या संध्याकाळच्या शाळेचे विषय होते. यासाठी त्यांना वेगळे वेतन नव्हते आणि मुलांना त्याचे गुण मिळणार नव्हते. शिकवणारा आणि शिकणारा दोघेही केवळ ओढीने एकत्र येत, हीच त्या शिकवणीची खरी ताकद होती.

याच देवघरात एक वयोवृद्ध ऋषितुल्य पुरुष राहत होते. मेदिनीपूरच्या शाळेत दीर्घकाळ मुख्याध्यापक राहिलेले राजनारायण बसू निवृत्तीनंतर तेथे स्थायिक झाले होते. बंगालमध्ये राष्ट्रीय भावनेचे बीज पेरणाऱ्या पहिल्या पिढीतील ते एक प्रमुख. या जुन्या शिक्षकाचा सहवास तरुण देऊस्करांना लाभला. राजनारायणबाबूंचे एक नातू अरविंद घोष बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते. दुसरे नातू बारींद्रकुमार देवघरलाच त्या शाळेत शिकत होते. बारींद्र हा देऊस्करांचा विद्यार्थी. वर्गाबाहेरच्या त्या मंडळीत तो होता आणि तेथे ऐकलेल्या गोष्टींनी त्याच्या मनाची घडण झाली. हा मुलगा पुढे कोणत्या वाटेने गेला ते यथाक्रम येईलच.

अशा शिक्षकाची नोकरी फार काळ निर्वेध चालणे शक्य नव्हते. देवघरच्या इंग्रज दंडाधिकाऱ्याच्या जुलमी कारभाराने लोक त्रस्त झाले होते. देऊस्करांनी कलकत्त्याच्या हितवादी या बंगाली साप्ताहिकात त्याविरुद्ध लेख लिहिले. लेखक कोण हे साहेबापासून लपून राहिले नाही. नोकरीवरून काढण्याची धमकी आली. लेखणी आवरावी किंवा नोकरी सोडावी असे दोनच मार्ग उरले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि कलकत्ता गाठले. हितवादीच्याच कचेरीत मुद्रिते तपासण्याचे साधे काम त्यांनी पत्करले. मराठी माणूस बंगाली पत्राची मुद्रिते तपासतो, यावरूनच त्यांच्या भाषाप्रभुत्वाची कल्पना यावी. पुढे स्वतःच्या गुणांवर व कष्टांवर ते त्या पत्राच्या संपादकपदापर्यंत पोचले.

वर्ग सुटला तरी शिक्षक सुटला नाही. देवघरच्या मूठभर मुलांना जे तोंडी सांगितले, ते आता साऱ्या बंगालसाठी ते लिहू लागले. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत निवर्तले. त्याच वर्षी देऊस्करांचे रानड्यांवरील बंगाली पुस्तक आले. झाशीच्या राणीच्या दत्तक पुत्राची करुण कहाणी, थोरल्या बाजीरावांचे चरित्र, शिवाजी महाराजांवरील पुस्तके अशी एकामागून एक पुस्तके त्यांनी लिहिली. मराठी साधने वाचायची आणि बंगाली वाचकाला रुचेल अशा शैलीत ती मांडायची, हे कार्य त्या काळी क्वचितच कोणी करीत असेल. लोकमान्यांनी १८९६ साली रायगडावर शिवोत्सव घडवून आणला होता. १९०२ साली देऊस्करांनी कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू केला. ज्या शहराने मराठ्यांच्या धाकाने खंदक खणला होता, त्याच शहरात १६० वर्षांनी एका मराठी मास्तराच्या पुढाकाराने महाराजांचे पूजन व्हावे, हा काळाचा महिमाच म्हटला पाहिजे. त्यांच्या शिवाजीर दीक्षा या पुस्तकासाठी १९०४ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी शिवाजी उत्सव ही आपली प्रसिद्ध कविता दिली. १९०६ च्या जूनमध्ये तर स्वतः लोकमान्य, दादासाहेब खापर्डे आणि डॉ. मुंजे यांच्यासह या उत्सवास कलकत्त्यात आले. त्या वर्षी भवानीपूजेचा समावेश झाला, त्यामुळे ब्राह्मो समाजातील व इतर काही मंडळींनी नापसंती दर्शविली, हेही येथे नमूद केले पाहिजे. बर्गींची आठवण एका उत्सवाने पुसली गेली असेही कोणी समजू नये. पण शिवाजी आणि बर्गी यांच्यामध्ये ६० वर्षांहून अधिक काळाचे अंतर आहे आणि दोहोंचा अर्थ निराळा आहे, हे बंगाली वाचकाला त्याच्याच भाषेत समजावून देण्याचे श्रेय देऊस्करांना द्यावेच लागेल.

याच सुमारास कलकत्त्यात अपर सर्क्युलर रोडवर तरुणांचे एक मंडळ स्थापन झाले होते. जतींद्रनाथ बंदोपाध्याय हे त्याचे चालक. कसरत, लाठी यांबरोबर तेथे अभ्यासवर्गही चालत. इतर वक्ते जगातील क्रांत्यांचा इतिहास सांगत. देऊस्करांकडे विषय होता देशाच्या आर्थिक स्थितीचा. ही शाळा कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरी नोंदलेली नव्हती, पण तेथील मास्तर तेच होते आणि पद्धतही देवघरचीच होती. ज्या विषयावर त्यांनी तेथे तरुणांशी बोलणे केले, तोच विषय त्यांच्या सर्वांत गाजलेल्या ग्रंथाचा झाला. १९०४ साली देशेर कथा प्रसिद्ध झाले.

या पुस्तकात देऊस्करांमधला शिक्षक जितका दिसतो तितका अन्यत्र कोठेही दिसत नाही. दादाभाई नौरोजींचा हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील ग्रंथ १९०१ साली निघाला होता, विल्यम डिग्बींचा ग्रंथही त्याच वर्षीचा, आणि रमेशचंद्र दत्तांचा आर्थिक इतिहास १९०२ व १९०४ या दोन वर्षांत दोन खंडांत आला. हे तिन्ही ग्रंथ इंग्रजीत, मोठे आणि आकड्यांनी भरलेले. खेड्यातील शाळामास्तर, दुकानातील कारकून, शिकू पाहणारा मुलगा यांच्या हाती ते कसे पडावेत? देऊस्करांनी त्यांतील सार काढले, आकडे निवडले आणि सोप्या बंगालीत मांडले. विणकराचा माग का थांबला, कारागीर शेतीकडे का लोटला गेला, शेतसाऱ्याने रयत कशी नाडली गेली, एकामागून एक दुष्काळ का पडले, देशाची संपत्ती कोणत्या वाटांनी समुद्रापार जाते, हे सारे त्यांनी एखादे गणित फळ्यावर सोडवून दाखवावे तसे पायरीपायरीने सोडवून दाखविले. आवेशपूर्ण भाषणाने मन पेटते आणि निवते. जमाखर्च एकदा कळला म्हणजे तो विसरता येत नाही. पुस्तकाच्या थोड्याच वर्षांत पाच आवृत्त्या निघाल्या आणि दहा हजारांहून अधिक प्रती लोकांच्या हाती गेल्या. श्रीअरविंदांनी पुढे या पुस्तकाच्या प्रभावाची मुक्तकंठाने नोंद केली. बंगाली तरुणांचे मन याने जिंकले आणि स्वदेशी चळवळीची भूमी तयार केली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. स्वराज्य हा आपल्या परिचयाचा शब्द बंगालच्या राजकारणात आणण्याचे श्रेयही त्यांनी देऊस्करांनाच दिले आहे.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि चळवळीचा वणवा पेटला. शाळा-महाविद्यालयांतील मुले परदेशी मालावरील बहिष्कारात पुढे होती. सरकारचे मुख्य सचिव कार्लाइल यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परिपत्रक काढले. विद्यार्थ्यांना राजकारणापासून दूर ठेवावे, न ठेवतील त्या शाळांचे अनुदान व इतर सवलती बंद होतील, अशी त्यातील धमकी होती. देवघरच्या एका मास्तरावर जी वेळ पूर्वी आली होती ती आता प्रांतातील प्रत्येक शिक्षकावर आली. यावर बंगालने दिलेले उत्तर म्हणजे १९०६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय शिक्षण परिषद. तिचे महाविद्यालय व शाळा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाली. बडोद्याची नोकरी सोडून आलेले अरविंद घोष तेथील पहिले प्राचार्य. आजचे जादवपूर विद्यापीठ याच परिषदेच्या कार्यातून पुढे आले.

१९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस दुभंगली. हितवादीच्या चालकांची इच्छा अशी की संपादकांनी टिळकांविरुद्ध अग्रलेख लिहावा. देऊस्कर लोकमान्यांना राजकारणातील गुरू मानत. त्यांनी नकार दिला आणि संपादकपद सोडले. पुन्हा एकवार हातची भाकरी गेली. त्यानंतर ते राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात बंगाली भाषा व भारताचा इतिहास शिकवू लागले. मराठी घरात जन्मलेला मनुष्य कलकत्त्यातील मुलांना त्यांची मातृभाषा शिकवतो आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही, यापेक्षा मोठा सन्मान परप्रांतीयाला कोणता मिळणार? पूर्वी जे संध्याकाळी वर्गाबाहेर सांगावे लागे ते आता उघडपणे वर्गात सांगता येऊ लागले. दुर्दैवाने हे दिवस फार टिकले नाहीत.

१९०८ च्या मे महिन्यात कलकत्त्याच्या माणिकतला भागातील बागेवर पोलिसांचा छापा पडला आणि बाँब तयार करणारे मंडळ उघडकीस आले. त्या मंडळाचे अध्वर्यू होते बारींद्रकुमार घोष, देवघरचे ते विद्यार्थी. अलीपूरच्या खटल्यात त्यांना फाशीची शिक्षा झाली. ती पुढे जन्मठेपेत बदलली आणि १९०९ साली ते अंदमानात गेले. तेथून ते १९२० साली सुटले. सावरकर बंधूही याच काळात त्या कारागृहात होते. देऊस्करांचे शस्त्र लेखणी आणि आकडे. शिष्याने दुसरी वाट धरली. शिक्षकाने सांगितलेली गोष्ट मुलाच्या मनात कोठवर जाईल आणि तेथे काय होऊन उगवेल हे शिक्षकाच्या हाती नसते. त्याचे भय बाळगून गप्प बसणारे पुष्कळ असतात. देऊस्कर गप्प बसले नाहीत, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःही चुकविली.

१९०८ सालीच लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना मंडालेस पाठविण्यात आले. देऊस्करांनी त्या खटल्याची हकीकत व लोकमान्यांचे संक्षिप्त चरित्र बंगालीत प्रसिद्ध केले. १९१० साली सरकारने हे पुस्तक आणि देशेर कथा ही दोन्ही पुस्तके जप्त केली. आपल्यामुळे विद्यालयावर संकट येऊ नये म्हणून म्हणा, वा तेथील चालकांच्या मनातील धास्ती ओळखून म्हणा, त्यांनी तीही नोकरी सोडली. देवघरची शाळा, हितवादी आणि राष्ट्रीय विद्यालय अशी तीन स्थाने त्यांनी आयुष्यात सोडली; तिन्ही वेळा कारण एकच होते, जे शिकवले त्याच्याशी त्यांना प्रतारणा करायची नव्हती. घरातही आघातावर आघात होत होते. पत्नी गेली, एकुलता मुलगा गेला. प्रकृती खालावली. ज्या करौं गावातून ते निघाले होते तेथेच ते परतले आणि २३ नोव्हेंबर १९१२ रोजी त्यांचा अंत झाला. वयाची ४३ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्यांच्या घरच्या शाळेतून निघालेल्या आणखी एका विद्यार्थ्याचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. काशीच्या मराठी घरात १८८३ साली जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर हे त्यांचे भाचे. मामांच्या सहवासात कलकत्त्यास त्यांची जडणघडण झाली. देशेर कथेचा त्यांनी देशकी बात या नावाने हिंदी अनुवाद केला. पुढे काशीच्या आज या दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी वृत्तपत्रसृष्टीत जे स्थान मिळविले ते सर्वश्रुत आहे. मामांनी बंगालीची सेवा केली, भाच्याने हिंदीची. दोघांची मातृभाषा मराठी.

आपली मंडळे गणेशोत्सव करतात, शिवजयंती करतात, ग्रंथालये चालवितात, मुलांना मराठीचे वर्ग घेतात. पन्नास वर्षे हे व्रत चालविणे सोपे नाही आणि ज्यांनी ते चालविले त्यांना वंदन केले पाहिजे. देऊस्करांचे चरित्र वाचताना मात्र एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आत्याने त्यांना घरात मराठी दिले, ते त्यांनी जपले. परंतु ते स्वतःपुरते ठेवले नाही. शेजारच्या मुलाला, त्याच्या भाषेत, वेळ काढून, काहीही न घेता दिले. आपल्या सभागृहातील शिवजयंतीस शेजारची बंगाली, हिंदी, तेलुगू वा कन्नड घरांतील मुले येऊन बसतात का, आणि आली तर त्यांना कळेल अशा भाषेत आपल्यापैकी कोणी त्यांना ती कथा सांगतो का? शाळा सुटल्यानंतर देवघरच्या त्या मास्तरांभोवती जमलेली मुले मराठी नव्हती, एवढे ध्यानी ठेवले तरी या थोर पुरुषाचे स्मरण सार्थ होईल.